कलंडणारी गाडी दाखवा

विज्ञान संग्रहालयाने चित्रपटाची पाटी लावून गर्दी खेचली की काही जाणकारांच्या कपाळावर आठ्या पडतात. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्सने लुकासफिल्मच्या साथीने 2005च्या ऑक्टोबरात 'स्टार वॉर्स'मागचं विज्ञान मांडणारं प्रदर्शन उघडलं. पुढे अनेक वर्षं ते अमेरिकेतल्या शहराशहरांतून आणि ऑस्ट्रेलियातून फिरलं. आठ्या घालणाऱ्यांना विचारायचंय: मूल कशाच्या ओढीने दारापर्यंत आलं, याने काय बिघडतं? आत आल्यावर त्याच्या हाती काहीच दिलं नाही, तर मात्र बिघडतं.

म्हणून अशा प्रदर्शनाची परीक्षा काचेच्या कपाटांपाशी करूच नये. तिथे पोशाख असतात, प्रतिकृती असतात, फोटो निघतात. वाळवंटात जमिनीपासून जरा वर तरंगत जाणारी चित्रपटाचा नायक ल्यूक स्कायवॉकर याची गाडीही या प्रदर्शनात होती. तिला चाकं होती, चांगली तीन. 1977च्या चित्रपटासाठी तिच्या कडेला खाली तिरका आरसा लावला, आरशात समोरची वाळू दिसली, चाकं झाकली गेली. युक्ती सुंदर आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पण तेवढं सांगून थांबणारं संग्रहालय हे चित्रपटाचं गोदाम. मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग खरोखरची गाडी तरंगेल कशी?

बॉस्टनकरांनी या प्रश्नासाठी टेबल मांडलं. लेगोच्या ठोकळ्यांची गाडी जुळवायची, तळाशी चुंबकं बसवायची आणि ती चुंबकी मार्गावर सोडायची. सारखी टोकं एकमेकांना ढकलतात हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतं, त्यामुळे गाडी तरंगणार याची त्याला खात्री असते. प्रत्यक्षात वजन जरा एका बाजूला गेलं की गाडी कलंडते. आधार काढला की घसरते, उलटते आणि खालच्या चुंबकाला जाऊन चिकटते. यात मुलाचा हात अनाडी नसतो. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने 1842 सालीच दाखवून दिलंय की नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर दुसरं चुंबक अधांतरी स्थिर ठेवताच येत नाही. एका दिशेने सावरलं तर दुसऱ्या दिशेने ते निसटणारच. म्हणून कडेला भिंती लागतात. नाहीतर शांघायच्या चुंबकी रेल्वेगाडीसारखी व्यवस्था लागते: 2004पासून प्रवासी नेणारी ही गाडी मार्गापासून जेमतेम सेंटिमीटरभर अंतर राखते, आणि त्यासाठी ते अंतर सतत मोजून विद्युतचुंबकांचा प्रवाह क्षणोक्षणी कमी-जास्त करावा लागतो.

कलंडलेल्या गाडीतून मुलगी इथवर पोचते. तिच्या हातातल्या ठोकळ्यांनी तिला निसर्गाचा नियम सांगितलेला असतो, आणि तो तिने कुणाच्या शब्दावर मानलेला नसतो. अशी टेबलं किती मांडलीत, त्यावरून मी प्रदर्शन जोखीन.

दुसरी कसोटी स्वच्छ 'नाही' म्हणण्याची. चित्रपटातल्या मिलेनियम फाल्कन या यानाच्या कक्षात बसवून ताऱ्यांकडे झेप घेतल्याचा भास देणं सोपं आहे. पण चित्रपट आला त्याच वर्षी, 1977 साली, व्हॉयेजर-1 यान निघालं. ते सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर जातं. त्या वेगाने, सूर्य सोडल्यास, आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतचं अंतर तोडायला सुमारे 75 हजार वर्षं लागतील, आणि प्रकाशापेक्षा वेगाने नेणारं इंजिन कुणाकडेही नाही. हे मुलांना सांगा. मुलं हिरमुसत नाहीत, ती आकडा पुन्हा विचारतात.

'चित्रपटाने आधीच सांगितलं होतं' ही फुशारकीही पुरे झाली. याच मालिकेतल्या 1980च्या चित्रपटात ल्यूकला कृत्रिम हात मिळतो, आणि पडद्यावर त्याला फारसा वेळ लागत नाही. डीन केमन यांच्या डेका कंपनीने बनवलेल्या हाताला त्याच ल्यूकचं नाव मिळालं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली 2014 साली. स्नायूंमधल्या विद्युत संकेतांवरून किंवा पायाच्या हालचालीवरून तो हात चालवता येतो. कथेने इच्छा जागवली, हे मोठंच काम आहे. हात मात्र अभियंत्यांनी बनवला, आणि हात गमावलेल्या माणसांनी तो लावून पाहून त्यांना त्यातल्या उणिवा दाखवल्या. प्रदर्शनात ही माणसं चित्रपटातल्या नटांइतकीच ठळक दिसायला हवीत.

आपल्याकडे यासाठी परक्या आकाशगंगेची वाट पाहायची गरज नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. खरा लेखक जयंत विष्णु नारळीकर. नावामुळे झुकतं माप मिळू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी एका खगोलशास्त्रज्ञाने मराठी वाचकासाठी कथेत खरं विज्ञान घातलं. त्यावरची टेबलं आपण मांडायला हवीत.

नारळीकरांचीच 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा घ्या. डावं-उजवं उलटण्याची कल्पना, त्यामागे मोबियसची पट्टी. लांबट पारदर्शक कागद, अर्धा पीळ, टोकांना डिंक. गणपती पट्टीच्या लांबीच्या दिशेने उभा राहील असा त्याचा चपटा पारदर्शक आकार पट्टीवरून, न उचलता, एक फेरी फिरवून सुरुवातीच्या जागी आणा: डावी सोंड उजवी झालेली दिसते. का, ते मुलीने स्वतः तिथेच शोधायचं. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या बस फिरती प्रदर्शनं घेऊन गावोगाव जातात. या टेबलाला त्या बसमध्ये एवढीशी जागा पुरेल, खर्च कागदाचा आणि डिंकाचा. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राने आणि मराठी विज्ञान परिषदेने एकत्र बसून या कथांची यादी करावी आणि येत्या शाळेच्या वर्षात पहिली बस काढावी.