फॉरमॅटकाका

फॉरमॅटकाकांकडे जाऊन "व्हिडिओ चालत नाहीये" एवढंच सांगायची सोय नाही. ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "चालत नाहीये म्हणजे काय? फाइल उघडत नाही, चित्र दिसत नाही, की आवाज येत नाही? तिन्ही रोग वेगळे." आपल्याला फक्त बारशाचं शूटिंग आत्याला टीव्हीवर दाखवायचं असतं. पुढचा प्रश्न ठरलेला, "एक्स्टेन्शन काय आहे?" ते माहीत असतं तर तळमजल्यापर्यंत उतरलो असतो कशाला?

हे काका आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले, पण असा एक जण तुमच्याकडेही असणार. बँकेतून निवृत्त झालेली माणसं शेअर बाजारात जातात, नाहीतर हास्यक्लबात. हे कन्व्हर्जनमध्ये गेले. लॉकरच्या किल्ल्या सांभाळायच्या शिस्तीने ते आता हार्ड डिस्का सांभाळतात. प्रत्येकीवर पांढरी पट्टी, पट्टीवर तारीख, आणि खाली लाल शाईने 'मूळ प्रत. हात लावू नये.'

काम होण्याआधी प्रवचन होतं. "एमपी4 म्हणजे नुसता डबा. आत भाजी कुठली ते डब्यावरून कळत नाही. भाच्याच्या आयफोनवरून आलेली फाइल तुमच्या जुन्या टीव्हीवर का दिसत नाही? आत एचईव्हीसी आहे. 2017 पासून आयफोन तेच भरून देतो. टीव्हीला ते पचत नाही." मग मुख्य सिद्धान्त: नुसता डबा बदलायचा असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम, पण भाजी परत शिजवायची तर रात्र जाते आणि दर खेपेला थोडी चव उतरते. आतून काकू ओरडतात, "ती गॅसवरची भाजी बघा आधी, लागली वाटतं!"

काकूंचा या शास्त्रावर राग आहे तो रात्रीच्या पंख्यापायी. लॅपटॉप रात्रभर घुं घुं करत असतो आणि त्याच्यावर चिठ्ठी असते, 'चालू आहे. झाकण मिटू नये.' एकदा पाहुण्यांसमोर पसारा नको म्हणून काकूंनी झाकण मिटलं. काम ब्याण्णव टक्क्यांवर होतं. त्यानंतरचे दोन दिवस काका त्यांच्याशी फक्त फाइलच्या नावांत बोलत होते, असं काकूच सांगतात. मात्र देवळातलं कीर्तन फोनवर चित्रित केलं की त्यातला आवाज तेवढा सोडवून काकूंच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर घालून देणारेही हेच. "चित्र कशाला? पोळ्या लाटताना बघणार आहेस का?" म्हणत.

आवाज सोडवणं हा त्यांचा खास प्रांत. आत एएसी असेल तर तो तसाच्या तसा उचलून एम4ए करावा, एमपी3 करायच्या भानगडीत पडू नये, हे त्यांचं ठाम मत. पण गणेश मंडळाचा स्पीकर एमपी3शिवाय काही ओळखत नाही. एका वर्षी मंडळातल्या एका हुशार कार्यकर्त्याने आरतीच्या व्हिडिओचं नुसतं नाव बदलून 'आरती.एमपी3' केलं. प्राणप्रतिष्ठा झाली, सगळे हात जोडून उभे, आणि स्पीकर गप्प. गुरुजींनी तोंडाने आरती सुरू केली. काका मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि चेहऱ्यावरचा आनंद निव्वळ भक्तीचा नव्हता.

त्यांना खरं दुखावलं ते एका शेजाऱ्याने. 128 केबीपीएसची एमपी3 गाणी 320ची करून द्या, आवाज सुधारेल, असं तो म्हणाला. "जे गेलंय ते येणार कुठून? फाइल फुगेल फक्त," एवढं बोलून काका उठून गच्चीत गेले.

लग्नाच्या सीडींचा किस्सा तर सोसायटीत प्रसिद्ध आहे. व्हीसीडीवर साधारण 74 मिनिटं मावतात, म्हणून त्या काळची लग्नं तीन-तीन चकत्यांवर असायची. आणि प्रत्येक चकतीतल्या मुख्य फाइलचं नाव बहुधा एकच, 'एव्हीसेक01.डॅट'. चौथ्या मजल्यावरच्या जावईबापूंनी तिन्ही एकाच फोल्डरमध्ये उतरवल्या. संगणकाने दर वेळी विचारलं, जुनी काढून नवी ठेवू का? त्यांनी दर वेळी हो म्हटलं आणि चकत्या भंगारात दिल्या. लग्न गेलं, रिसेप्शन राहिलं. काकांनी हार्ड डिस्क खरवडून पाहिली, पण सप्तपदी काही परत मिळाली नाही.

व्हीएचएसचा मामला आणखी धिम्या गतीचा. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, आणि काका समोर बसून ती अख्खी बघतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांच्या 1994च्या लग्नातला आजोबांचा आवाज हवा होता. मंगलाष्टकं आजोबांनी स्वतः म्हटली होती. पण व्हिडिओवाल्याने हौसेने त्यांच्यावर सनईचं संगीत चढवलेलं. वधूवर बदामात, आजोबांचे ओठ हलताहेत, आणि ऐकू येते सनई. "टेपवर जे पुसून वर दुसरं भरलंय, ते खालून काढता येत नाही," काका म्हणाले, पण कॅसेट थांबवली नाही. शेवटी पंगतीत सनई संपली आणि व्हिडिओवाल्याने पुढची लावायची राहून गेली. तिथे आजोबा खणखणीत आवाजात म्हणतात, "अरे, मठ्ठा आणा इकडे! व्याही थांबलेत!" काकांनी तेवढाच तुकडा कापून दिला. वहिनींनी त्याची रिंगटोन केली. हल्ली त्यांचा फोन वाजला की जिन्यात मठ्ठ्याची मागणी होते.

एवढं सगळं ते फुकट करतात. हत्यारंही फुकटातलीच आहेत म्हणतात. पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेलं आणि रस्त्यावरचा केशरी शंकू मिरवणारं व्हीएलसी, आणि फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने 2000 साली सुरू केलेलं एफएफएमपेग. "जगातल्या निम्म्या कन्व्हर्टरांच्या पोटात हेच आहे, आणि तुम्ही त्या जाहिरातींच्या साइटवर जाऊन बाळाचा व्हिडिओ अनोळखी माणसाला देता?" हे बोलताना ते खरोखर चिडतात, आणि इथे त्यांचं बरोबर आहे.

तुमच्या माळ्यावर कॅसेट असेल तर उशीर करू नका. टेपला बुरशी धरते, आणि शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही 2016च्या जुलैत ते काम बंद केलं. काकांचा एक व्हीसीआर अजून चालतो. दुपारची झोप टाळून जा, फाइल असेल तर व्हॉट्सॲपवर आलेली नको, मूळची न्या. आणि पेनड्राइव्ह स्वतःचा न्या. काकांचा कोणालाही मिळत नाही.