हूक कुठे लावू, साहेब?

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या सकाळी आपल्या शहरातल्या बांधकामांवरून कुणी पडत नाही, कारण पडायला आधी वर चढावं लागतं आणि तेव्हा सगळे खाली रांगेत उभे राहून शपथ घेत असतात. हेल्मेटं धुतलेली, पट्टे प्लास्टिकमधून नुकतेच काढलेले. फोटो झाला की पट्टे परत प्लास्टिकमध्ये. महागाची वस्तू, उन्हानं खराब होते.

पट्ट्याला नाव ठेवायला जागा नाही. भारतीय मानक 3521 चा शिक्का, खांद्यापासून मांडीपर्यंत आवळलेला, पाठीवर कडी, कडीला दोरी, दोरीला हूक. हा हूक लावायचा कुठे, असं विचारणारा बिगारी कामावर नवा आहे असं समजावं. मुकादम म्हणतो, ‘परांचीला लाव की!’ परांची काथ्यानं बांधलेल्या बांबूंची. ती निघाली तर हूक, दोरी, पट्टा आणि बिगारी, सगळे एकत्रच निघतात. निदान सामानाची चुकामूक होत नाही.

जाणकार सांगतात, हूक डोक्याच्या वर, माणूस लोंबकळला तरी न हलणाऱ्या जागी हवा. शिवाय दोरीची लांबी, झटका झेलताना उलगडणारी पट्टी आणि माणसाची उंची धरली, तर खाली सहा मीटरच्या आसपास जागा मोकळी लागते. म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणारा माणूस पट्ट्यासकट, अगदी नियमात राहून, जमिनीवर पोहोचतो. तिथे कठडा हवा, खाली जाळी हवी. जाळी? आहे ना, हिरवीगार! शेजारच्या सोसायटीच्या गाड्यांवर सिमेंट उडू नये म्हणून लावलीय.

बाकी सगळ्यांचे हूक मात्र पक्के आहेत. बिल्डरचा हूक करारातल्या कलमात: अपघाताची जबाबदारी ठेकेदाराची. ठेकेदाराचा, सेंट्रिंगवाल्यानं लिहून दिलेल्या हमीपत्रात. सेंट्रिंगवाल्याचा मुकादमात. आणि मुकादमाचा एका वहीत, जिथे ‘पट्टा मिळाला’ या शब्दांपुढे बिगाऱ्याचा अंगठा उमटलेला असतो. स्लॅब कोसळेल, पण ती वही जागची हलणार नाही.

कायदा नव्हता असं कुणी म्हणू नये. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली खास कायदा झाला. त्यात 500 कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी नेमायचा होता, म्हणून हुशार हजेरीपट 499 वर दम घ्यायचा. सुरक्षेचे नियम मोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. मोडतच राहिलं तर वर दिवसाला 100 रुपयांपर्यंत. शंभर रुपयांत दिवसभरासाठी बिगारी मिळत नाही, आणि म्हणे त्याच्यासाठी कठडा उभारा! पुढे 2020 च्या कामगार सुरक्षेच्या संहितेनं आकडे वाढवले. मालकानं कर्तव्यात कसूर केल्यामुळे माणूस मेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड, किंवा दोन्ही. करारातलं ते कलम वकिलांनी एव्हाना दोन ओळींनी लांबवलं असेल.

शिवाय बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आहेच. त्यातून कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्या कामगाराला सुरक्षा संच देतं. खरं तर पट्टा देणं हे मालकाचं काम; पण मालक बिचारा उपकर भरून दमलेला असतो. नोंदणीसाठी मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याआधी पडायचं नाही, एवढी शिस्त मजुरानं पाळायलाच हवी.

नव्वद दिवस भरले की तो प्रमाणपत्रासाठी ठेकेदारासमोर उभा राहतो. पहिल्याच दिवशी वहीत अंगठा घेणारा ठेकेदार त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो आणि विचारतो, ‘तू आमच्याकडे होतास कधी?’