डांबरी सर

सरांचा विषय दुर्मिळ उभयचर, पण पारख रस्त्यांची. घाटातल्या कुठल्या वळणावर फोनला रेंज येते, कुठल्या विश्रामगृहात गीझर चालतो आणि कुठला खानसामा रात्री अकरानंतरही कुरकुर न करता ऑम्लेट देतो, हे सर झोपेतून उठवलं तरी सांगतील. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'डांबरी सर' म्हणतात. असे एक सर बहुतेक विद्यापीठांत असतात. काही ठिकाणी तर अख्खा विभागच.

पावसाळा लागला की सर आंबोलीला. आता आंबोलीत काय कमी आहे? २००९ साली शास्त्राला नव्याने कळलेला आणि अतिसंकटग्रस्त ठरलेला आंबोली टोड तिथलाच. हिरण्यकेशी नावाचा मासा तर महादेवाच्या देवळातल्या कुंडात निघाला. २०२० साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. सरांना हा मासा फार आवडतो. दर्शनही होतं, संशोधनही होतं आणि येताना गरम भजी. जुलैतल्या रात्री त्या रस्त्यावर बेडकांपेक्षा टॉर्च जास्त असतात. एखादा बेडूक जरा घसा साफ करतो न करतो तोच चार कॅमेरे त्याच्यावर रोखले जातात.

गाडीचा ड्रायव्हर जवळच्याच गावचा. एकदा तो भीत भीत म्हणाला, "साहेबानू, आमच्या सड्यार पण असले बेडूक आसत. येतास?"

"गाडी वर जाते?"

"नाय ओ. दीड तास चलत."

सरांनी वहीत लिहिलं : 'भविष्यातील अभ्यासास वाव.' सरांची ती वही अशा वावांनी भरली आहे.

पुढे त्यांचा शोधनिबंध आला. निष्कर्ष असा, की बेडकाची ही प्रजाती रस्त्यापासून पाचशे मीटरच्या आत राहणं पसंत करते. चर्चासत्रात टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, पाचशे मीटरच्या पलीकडे किती वेळा पाहिलं?" सर वत्सलपणे हसले. म्हणाले, "तिथे ती नसतेच, तर पाहायचं कशाला?"

सगळा दोष सरांच्या पदरात घालणं मात्र बरं नव्हे. शिष्यवृत्ती येते उशिरा, प्रबंध मागतात वेळेवर, अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, आणि 'दोन पावसाळे हिंडलो, काही सापडलं नाही' असा निबंध कोणी छापत नाही. आधी जिथे सापडलं तिथेच पुन्हा गेलं तर हमखास सापडतं. मग नकाशावर सावंतवाडी ते आंबोली लाल ठिपक्यांची माळ लागते आणि सडे, म्हणजे वरची कातळाची पठारं, कोरे राहतात. हा कोरा कागद पुढे कुठल्याशा कचेरीत जातो. तिथला माणूस तो 'कोणी गेलं नाही' असा कशाला वाचेल? तो 'काही नाही' असाच वाचतो. सातबाऱ्यावर सडा आधीच पोटखराबा, आता शास्त्रातही रिकामा. चिरेखाणवाल्याने मग कोणासाठी थांबायचं?

एवढं असून सरांच्या व्याख्यानात रानपिंगळ्याची गोष्ट ठरलेली असते, आणि ती ते रंगवून सांगतात. हा पक्षी १८८४ नंतर कोणाला दिसलाच नव्हता. मधे माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना ढापला आणि 'मी १९१४ साली गुजरातेत मिळवला' अशी चिठ्ठी त्याला बांधली. त्या चिठ्ठीवर विश्वासून भले भले भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर दोन सोबत्यांसह त्या निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला भर सकाळी पिंगळा समोर बसलेला! "बघा," सर टेबलावर थाप मारतात, "पक्षी होता तिथेच होता. माणसं चुकीच्या जागी जात होती!"

"मग आपण कधी जायचं सर, शहाद्याला?"

"तिकडे ऊन फार असतं रे."

२०१४ साली तोच रानपिंगळा मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, तानसाच्या जंगलात सापडल्याची बातमी आली, तेव्हा सरांचा चेहरा खुलला. त्यांनी फोनवर नकाशा उघडला, नाशिक हायवे कुठून जातो ते बोटाने मोजलं आणि समाधानाने म्हणाले, "उशिरा का होईना, अक्कल आली त्याला."