बंगला विकणे आहे, बागेसह

आमच्या सहकारनगरच्या बंगल्यामागे बाग आहे, असं बऱ्याच वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. डासांचं औषध फवारायला येणारा पोरगा तिला ‘मागचं रान’ म्हणायचा आणि सौ. ‘तुमची इस्टेट’. बंगला विकायचं ठरलं तेव्हा एजंट स्पष्ट म्हणाला, “काका, गिऱ्हाईक जमीन बघतं. बागेत एक रुपया घालू नका.” पोरगा माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, खिशात दोन मोबाइल. त्याचं ऐकायचं, तर मी जन्मभर बँकेत लोकांची कर्जप्रकरणं कशाला तपासली?

शिवाय टीव्हीवर मी जेवताना पाहिलं होतं. इंग्लंडातली माणसं घर विकायच्या आधी दारात चार फुलझाडं लावतात आणि भाव चढतो. तिथे घर घेणारा त्या घरात राहायला येतो, एवढी बारीकशी गोष्ट तेवढी नजरेतून सुटली.

“आपण राहत होतो तेव्हा कधी खुरपं धरलं नाहीत,” सौ. म्हणाली, “आणि आता परक्यासाठी?”

“ही गुंतवणूक आहे,” मी म्हटलं. घरात हा शब्द निघाला की ती भांडी घासायला घेते.

पहिला मान गाजरगवताचा. हे गवत देशात पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांवर आलं ते 1950 च्या दशकात, आमच्या पुण्यातच. पुण्याने देशाला काय काय दिलं याची यादी सांगताना पुणेकर ते वगळतात. फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं असतं, कारण एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं. आमचं भर फुलावर होतं आणि हातमोज्यांसाठी मंडईपर्यंत जायचा मला कंटाळा. संध्याकाळपर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत लालबुंद. त्वचेच्या डॉक्टरांनी पुरळ पाहून व्यवसाय विचारला. ‘निवृत्त’ म्हटल्यावर, निदान झाल्यासारखी मान हलवली.

उपटता उपटता बजाज चेतकची स्टेपनी सापडली. ती चोरीला गेली म्हणून मी शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं होतं. ती मंडळी कधीच वारज्याला राहायला गेली. स्टेपनीत आता पाणी होतं आणि पाण्यात एक बेडूक. तो माझ्याकडे बघत राहिला, मीच नजर वळवली.

मग माळी आला. त्याने आंब्याकडे वर पाहिलं, खाली पाहिलं, तंबाखू मळली. “सायेब, आंब्याखाली लॉन धरत नाय. सावली हाय.”

“अहो, मेक्सिकन लॉन आहे,” मी ठणकावलं. मेक्सिकोत ऊन पडत नाही अशी माझी समजूत असावी.

दोन ब्रास लाल माती आली. ट्रक गेटातून आत येईना, म्हणून ती रस्त्यावरच ओतली. आत वाहायचे पैसे वेगळे. शेणखताची पोती फोडल्यावर गल्लीतल्या खिडक्या पटापट बंद झाल्या. लॉन अंथरली आणि बघता बघता पिवळी पडली. माळी म्हणाला, फांद्या उतरवू. पण त्यालाही महापालिकेची परवानगी लागते. झाडांचा कायदा 1975 चा आहे आणि मी कायदा पाळणारा माणूस. त्या कायद्यात पुढे काय भर पडली, ते मात्र वाचायचं राहून गेलं.

आंब्याचा पार तेवढा झकास निघाला. शेवाळं घासल्यावर वडिलांनी ओल्या सिमेंटवर खिळ्याने कोरलेली अक्षरं वर आली: ‘पायरी. लावला ता. 15-8-1970.’ वडील कचेरीत कारकून. आमच्या स्टुलाखालीसुद्धा खरेदीची तारीख आहे. मी पेंटर बोलावून ती ओळ पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवून घेतली. गेटातून वाचता आली पाहिजे, अशी ताकीद देऊन.

गिऱ्हाईक आलं. बिल्डर. त्यांच्या माणसाने घराकडे न बघता आधी समोरचा रस्ता टेपने मोजला. रस्ता जेवढा रुंद तेवढं बांधकाम जास्त, असं एजंट कानात कुजबुजला. मग शेठ माझ्या लॉनवर उभे राहून फोनवर सिमेंटचा भाव बोलत राहिले. बुटाखाली काय आहे ते त्यांनी एकदाही पाहिलं नाही. फोन ठेवून वर बघत म्हणाले, “आंबा जुना दिसतो.”

“पन्नाशी कधीच ओलांडली!” मी छाती काढून म्हटलं. “पायरी आहे, अस्सल.”

एजंटला एकाएकी खोकला लागला. शेठनी मात्र शांतपणे समजावलं: 2021 च्या दुरुस्तीपासून शहरातलं पन्नास वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं. तोडायचं तर परवानगीचं जंजाळ, आणि बदल्यात झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, जगवायची.

“अहो, ह्यांच्या काही लक्षात राहत नाही,” सौ. पुढे सरसावली. सत्यनारायणाला प्रसाद कमी पडला तरी खरं सांगणारी बाई. “आंबा आमच्या लग्नानंतरचा. ऐंशी सालचा.”

तिचं वाक्य संपेपर्यंत सगळ्यांच्या माना पाराकडे वळल्या होत्या. ओळ गेटातूनही स्वच्छ वाचता येत होती. शेठनी मोबाइलवर तिचा फोटो काढला, “आकड्याचं परत बसून बोलू,” म्हणाले आणि गाडीत बसले.

माळी पाइप हातात धरून ताटकळत होता. “लॉनला पानी मारू का ऱ्हाऊ दे?”

“मारा,” सौ. म्हणाली. “आता आपल्यालाच राहायचंय.”