बरं हाय

माझी सासुरवाडी चुडाव्याची. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं हे स्टेशन. पॅसेंजर थांबते, बहुतेक एक्सप्रेस धुरळा उडवत निघून जातात. गावातल्या बोलण्याचंही तसंच. तक्रार पॅसेंजरसारखी दारोदार थांबत जाते, कौतुक मात्र एक्सप्रेस. आलं कधी, गेलं कधी, कळत नाही.

इथली सर्वोच्च पदवी म्हणजे ‘बरं हाय’. पोरगं वर्गात पहिलं आलं, बरं हाय. बैलजोडी लाखाला गेली, बरं हाय. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ असं नाव दिलं. ते पीक कमरेच्या वर गेलं तरी बांधावरचा शेतकरी म्हणणार, बरी हाय. उगाच दृष्ट लागायला नको! सगळी विशेषणं बहुधा फ्लेक्सवर संपत असावीत. चौकात वाढदिवसाचे तीन ‘कार्यसम्राट’ एकाच वेळी वाऱ्यावर फडफडत असतात, आणि दोनशे पानांची पंगत उठवणारा आचारी घाम पुसत कुणी काही बोलतं का म्हणून बघत उभा असतो. त्याच्या वाट्याला येतं ते एवढंच : “बुंदी जरा कडक झाली.”

लग्न झालं तेव्हा मी शहरी उत्साहात होतो. सासूबाईंनी येसराची आमटी वाढली. धान्य, डाळी, मसाले खमंग भाजून दळायचे, त्या पिठाची ही आमटी. भाकरी त्यात कुस्करली की बोलायचं सुचू नये. मला सुचलं. “वा! काय झालीय!” सासूबाईंचा हात तिथंच थांबला. स्वयंपाकघरातून बायकोला विचारलेलं मला ऐकू आलं, “जावईबापू असं का म्हनू लालेत? काही पायजे का त्येंना?” मेव्हणा तर दोन दिवस मला टाळत होता. उसने मागेन अशी भीती असणार.

मी हटलो नाही. दर खेपेला ‘वा’. सासरे मात्र चाळीस वर्षं त्याच ताटावर खाली मान घालून जेवत आलेले.

गेल्या दिवाळीत तसेच सगळे जेवायला बसलो होतो. पहिला घास घेतला आणि सवयीनं म्हणालो, “वा! फर्स्ट क्लास!” सासऱ्यांनी मान वर केली. “मीठ नाही पडलं आज.”

पंगत गार पडली. मी पुन्हा चाखून पाहिलं. खरंच, मिठाचा कण नव्हता. आता सासूबाईंचा चेहरा पडणार म्हणून मी बायकोकडे पाहिलं, तर सासूबाई पदराआड चक्क हसत होत्या. मीठ आणताना म्हणाल्या, “म्हंजे लक्ष असतंय यांचं. बाकीच्या दिवशी बरुबर होतं म्हना की!” चाळीस वर्षांचा निकाल एका खारट वाक्यात लागला होता. आणि माझी दहा वर्षांची ‘वा’ त्याच आमटीत अळणी बुडाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा येसर. मी घास घेतला, नीट चघळला, मीठ-तिखट तपासलं आणि मगच म्हणालो, “खरंच छान झालंय.”

सासूबाईंनी ऐकलं, आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

त्यांनी भुरका मारला. “बरं हाय.”

मग कुठं माझ्या ताटात दुसरं वगराळं पडलं.