बांधावरचे परीक्षक

सेंद्रिय शेतीवर मराठीत झालेल्या विपुल लेखनात शेण, गोमूत्र, गांडूळ आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू यांची थोरवी सविस्तर गायिली गेली असली, तरी ज्याच्या सहीवाचून दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याचा माल सरकारदरबारी स्वस्तात सेंद्रिय ठरणे अवघड आहे त्या घटकाकडे, म्हणजे शेजाऱ्याकडे, अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. जालना जिल्ह्यात ही उणीव अधिकच खटकते, कारण येथील शेजारी हा स्वभावतःच संशोधक असून दुसऱ्याच्या रानात काय पेरले, कधी पेरले, कोणाच्या पैशाने पेरले आणि एवढे करूनही ते का उगवले नाही, या चार प्रश्नांचा त्याचा अभ्यास कृषी विद्यापीठे स्थापन होण्याच्या पुष्कळ आधीपासून चालत आलेला आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्ट खताची पद्धत बसवणारे अल्बर्ट हॉवर्ड हे हिंदी शेतकरी आणि पिकांवरील किडी यांना आपले गुरू मानत असत. परंतु त्यांचे प्रयोग संस्थेच्या कुंपणाआड चालल्यामुळे बांधावर उकिडवा बसून सल्ला देणारा तिसरा गुरू त्यांना लाभला नाही, आणि कदाचित त्यामुळेच त्यांचे काम वेळेत पूर्ण झाले.

भारतात सेंद्रिय मालाचे प्रमाणपत्र मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा असून त्यात त्रयस्थ संस्थेचा निरीक्षक शेतावर येतो, नोंदवह्या चाळतो, प्रसंगी मातीचा किंवा मालाचा नमुना घेतो आणि शुल्क आकारून निघून जातो. निर्यातदाराला हाच मार्ग धरावा लागतो, पण शुल्काचा आकडा ऐकून एकटा छोटा शेतकरी जागीच बसकण मारतो. दुसरा मार्ग सहभाग हमी पद्धतीचा, ज्याला कचेरीतल्या बोलीत नुसते ‘पीजीएस’ म्हणतात. त्यात एकाच किंवा लगतच्या गावांतील किमान पाच शेतकऱ्यांनी गट करावा, रसायने न वापरण्याची प्रतिज्ञा लिहून द्यावी, बैठकांना व प्रशिक्षणांना हजर राहावे आणि एकमेकांच्या शेतांची तपासणी करून तिचा अहवाल प्रादेशिक परिषदेकडे पाठवावा, अशी रचना आहे. २०१५-१६ पासून परंपरागत कृषी विकास योजनेने याच पद्धतीचा आधार घेतल्याने ती गावोगाव पोहोचली. हिचे मूळ मात्र परदेशी मानले जाते: फ्रान्समधील शेतकऱ्यांच्या एका संघटनेने १९७० च्या दशकातच परस्परांची शेते तपासण्यास आरंभ केला होता, आणि २००४ साली ब्राझीलमधील तोरेस या गावी देशोदेशीच्या जाणकारांनी एकत्र येऊन अशा पद्धतींचा ऊहापोह केला, तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. भोकरदन किंवा मंठा तालुक्यातल्या कोणत्याही मारुतीच्या पारावर हेच काम पिढ्यान्‌पिढ्या विनाशुल्क चालू होते. त्याचा अहवाल कोणी पोर्तुगीज भाषेत लिहिला नाही, एवढाच काय तो फरक.

पारावरच्या या तपासणीची शास्त्रीय बाजू समजून घेण्यासारखी आहे. तिचे पहिले साधन म्हणजे युरियाची गोणी. ही गोणी आता ४५ किलोंची असते, ती दुचाकीच्या पुढच्या बाजूला आडवी टाकून आणावी लागते, आणि तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रापासून आखाड्यापर्यंतच्या रस्त्यावर (आखाडा म्हणजे शेतातली राहती किंवा सामान ठेवण्याची जागा, कुस्तीशी तिचा संबंध असलाच तर प्रासंगिक) किमान तीन हॉटेले, एक पिठाची गिरणी आणि एक सार्वजनिक वाचनालय लागते. वाचनालयात वर्तमानपत्रे येत असली तरी तेथील वाचकांचे डोळे रस्त्यावरच असतात. अशा वाटेने ज्याने गोणी नेली त्याने ती सोयऱ्यासाठी नेली, असे त्याने कितीही शपथेवर सांगितले तरी तपासणी तेथेच पूर्ण झालेली असते. दुसरे साधन पिकाच्या रंगाचे. युरिया खाल्लेले पीक आठ-दहा दिवसांत काळेभोर हिरवे दिसू लागते, तर जीवामृतावर वाढणारे पीक सुरुवातीला जरा फिकट आणि संथ असते. त्यामुळे ‘काऊन पिवळी पडली हो तुमची तूर?’ हा वरकरणी सहानुभूतीचा प्रश्न वस्तुतः अनुकूल शेरा असतो. मात्र २०२१ साली नॅनो युरिया बाजारात आला आणि या साऱ्या व्यवस्थेला तडा गेला. गोणीचे काम करणारा युरिया अर्ध्या लिटरच्या बाटलीत मावतो असे उत्पादकाचे म्हणणे आहे. ते शेताच्या बाबतीत कितपत खरे याविषयी कृषिशास्त्रज्ञांत मतभेद असले, तरी सदऱ्याच्या खिशाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे असल्याने गावाच्या टेहळणीला एवढा मोठा धक्का दुसऱ्या कोणत्याही निविष्ठेने दिलेला नाही. (निविष्ठा म्हणजे शेतीत बाहेरून घालावे लागणारे बी, खत, औषध इत्यादी, हा शब्द फक्त कृषी खात्याचे लोक उच्चारतात आणि शेतकरी तो आदराने ऐकून घेतात.)

रसायनांच्या जागी जे वापरायचे त्यात जीवामृताचा मान पहिला. देशी गाईचे दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती हे सर्व दोनशे लिटर पाण्यात कालवून, सावलीत ठेवून, रोज काठीने ढवळत दोन दिवस आंबवले की एका एकराला पुरेल एवढे जीवामृत तयार होते. या पद्धतीचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ते आपल्या शेतीला सेंद्रिय म्हणू देत नाहीत, नैसर्गिक म्हणतात, आणि दोहोंतला भेद पोटतिडकीने समजावून सांगतात. पण गावात टिपाड एकच असल्याने हा तात्त्विक वाद त्याच्या काठापर्यंत पोहोचून थांबतो. खरा वाद घरात होतो. ज्या घरात पाहुणा आल्याखेरीज बेसनाचा डबा उघडत नाही त्या घरातून दर पंधरवड्याला दोन किलो बेसन आणि तेवढाच गूळ शेणात कालवण्यासाठी बाहेर पडतो, ही घटना सासूबाईंच्या दृष्टीने कृषिविषयक नसून धर्मविषयक असते. जिवाणूंना प्रथिने लागतात, हे स्पष्टीकरण त्यांना मान्य होत नाही. पिठले मागितले तेव्हा घरातल्या माणसांनाही ती लागत होती, असा त्यांचा प्रतिवाद असतो आणि त्यावर कोणत्याही कृषी सहायकाकडे उत्तर नाही.

गाईचा प्रश्न याहून बिकट आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, बैलांमागोमाग गोठे गेले, आणि आता शेण व गोमूत्र लागते म्हटल्यावर जिच्यापासून ते घ्यायचे ती देशी गाय अनेक वस्त्यांवर एखाद-दुसरीच उरली आहे. संकरित गाईचे चालत नाही, असे या पंथाचे शास्त्र असल्याने त्या एकुलत्या गाईच्या मालकाला, ज्याला कालपर्यंत सोसायटीच्या निवडणुकीत सूचक म्हणूनही कोणी विचारत नव्हते, अचानक राजकीय महत्त्व प्राप्त होते. पहाटे चार वाजता हातात बादली घेऊन गोठ्यात तिष्ठत उभ्या असलेल्या सुशिक्षित मंडळींकडे ती गाय ज्या तटस्थतेने पाहते, तेवढी तटस्थता प्रस्तुत लेखकाला कोणत्याही प्रमाणीकरण यंत्रणेत आढळलेली नाही.

दशपर्णी अर्काविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, निर्गुडी, एरंड, पपई, घाणेरी, कण्हेर, गुळवेल अशा दहा वनस्पतींचा पाला शेण-गोमूत्राच्या पाण्यात महिनाभर कुजवून हे कीडनाशक बनते, आणि या काळात त्याला जो दर्प सुटतो तो अळ्यांपेक्षा सोयऱ्यांना लवकर पळवतो. परंतु त्याचा प्रमाणशास्त्रीय उपयोग मोठा आहे, कारण ज्याच्या अंगणातून असा वास येतो तो चोरून रासायनिक औषध फवारत असेल असे कोणी म्हणत नाही. दोन्ही त्रास एकदम सोसण्याइतका उत्साह माणसात नसतो.

येथवरचे वर्णन मराठवाड्यातील अन्य जिल्ह्यांनाही लागू पडेल. जालन्याचे वेगळेपण बियाण्यात आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी स्थापन केली, भेंडीच्या सुधारित बियाण्यापासून आरंभ करून संकरित वाणांचा मोठा व्याप उभा केला, १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला, आणि पुढे इतर अनेक कंपन्या येऊन जालना ही बियाण्यांची राजधानी म्हणवली जाऊ लागली. भारतात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक ज्यात बसवले आहे त्या कपाशीला, २००२ साली पहिली परवानगी मिळाली ती याच महिकोच्या भागीदारीतील वाणांना. सेंद्रिय प्रमाणीकरणाचा मात्र साधा नियम असा की, जनुकीय बदल केलेले बियाणे अजिबात चालणार नाही. परिणाम असा झाला की, जिल्ह्यातल्या सेंद्रिय शेतकऱ्याच्या सभोवार क्षितिजापर्यंत कपाशी उभी असते, बियाण्यांच्या गोदामांवरून त्याची एसटी जाते, आणि तरीही जनुकीय बदल नसलेल्या सरकीची एक पिशवी मिळवण्यासाठी त्याला चार ठिकाणी शब्द टाकावा लागतो. शेवटी तो कपाशीचा नाद सोडून तूर, ज्वारी, हरभरा आणि मोसंबीकडे वळतो. तुरीच्या बाबतीत त्याचे दैव चांगले आहे, कारण बदनापूरच्या संशोधन केंद्राने मर रोगाला सहजी दाद न देणारा बीडीएन ७११ हा वाण दिला असून त्याचे बी घरचे घरी राखता येते. मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या बागा ज्यांनी पाहिल्या ते मानांकनाआधी विहिरीत डोकावतात.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे बांध. दोन शेतांमधली ही मातीची पट्टी महसुली कागदांत निर्जीव असली तरी प्रत्यक्षात ती दरवर्षी इंच-दोन इंच सरकत असते, आणि सरकवण्याच्या या कलेला बांध कोरणे असे म्हणतात. प्रमाणीकरणाच्या नियमांनुसार शेजारच्या रासायनिक शेतातील फवारा वाऱ्याबरोबर येऊ नये म्हणून सेंद्रिय शेतकऱ्याने आपल्या हद्दीत संरक्षक पट्टा सोडायचा असतो. ज्या बांधाच्या वीतभर जागेसाठी दोन भावांनी तहसील ते दिवाणी न्यायालय अशी वारी केली, त्याच बांधालगत आपल्याच मालकीचे तास स्वखुशीने मोकळे सोडायचे, ही अट वाचून अनेक इच्छुक गटातून बाहेर पडतात. जे उरतात त्यांच्याकडे गाव एकतर संत म्हणून किंवा जमीन विकायला काढलेला माणूस म्हणून पाहते. पाण्याच्या बाबतीत मात्र हाच जिल्हा वेगळा वागून दाखवतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली कडवंची गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे केली, तेव्हा पाणी सातबारा पाहून वाहत नाही हे लोकांनी मान्य केले आणि पुढे तेथे शेततळी व द्राक्षबागा उभ्या राहिल्या. फवाराही सातबारा पाहून उडत नाही, हे मान्य व्हायला अजून अवकाश आहे, आणि द्राक्षांच्या गावात तो विषय काढण्याची वेळ अभ्यासकाने जपून निवडावी.

तपासणीसाठी किमान तिघांचे पथक लागते व त्यांपैकी एकाला तरी अर्ज भरण्यापुरते लिहिता-वाचता यावे, अशी अपेक्षा असते. साक्षरतेची अडचण पूर्वीसारखी राहिलेली नाही. अडचण आहे ती पथकातल्या परस्परसंबंधांची. ज्याने आपले शेत तपासले त्याचे शेत आपण तपासू नये, असा या पद्धतीचा संकेत आहे, जेणेकरून ‘तू माझे झाक, मी तुझे झाकतो’ असा व्यवहार होऊ नये. हा संकेत ज्यांनी घातला त्यांना गाव ठाऊक नसावे, किंवा फारच चांगले ठाऊक असावे. गावाचा सारा व्यवहार परतफेडीवर उभा आहे: इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला सर्वांनी जायचे आणि मग सर्वांच्या कामाला त्याने, लग्नातल्या आहेराच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात त्या याच हिशेबासाठी, आणि हरिनाम सप्ताहातल्या पंगतीत सुद्धा गेल्या वर्षी कोणी कोणाला आग्रहाने वाढले याची नोंद कोठेतरी असते. अशा समाजाला परतफेड निषिद्ध आहे असे सांगणे म्हणजे मोठेच धाडस होय. त्यामुळे पथके ठरवण्याची बैठक प्रत्यक्ष तपासणीपेक्षा लांबते. कोण कोणाचा साडू, कोणाची मोटार कोणाच्या विहिरीवर, कोण कोणाच्या विरोधात सरपंचपदाला उभा होता, हे सारे फळ्यावर मांडून कोणालाही कोणाचे उपकार लागू नयेत अशी जोडी जुळवणे हे काम वधूवर सूचक मंडळाच्या कुवतीबाहेरचे आहे.

अनुभवाअंती काही गटांनी यावर तोडगा शोधला आहे. भांडण असलेल्यालाच तपासणीस नेमायचे, कारण मित्र फक्त टिपाड पाहून चहाला बसतो, तर वैरी गोठ्यामागची रद्दी उपसतो, विहिरीच्या कपारीत हात घालतो, रिकाम्या बाटल्यांची लेबले वाचतो आणि बांधावरच्या गवताचे टोक जळालेले दिसले तर तणनाशकाचा संशय लेखी नोंदवतो. त्याने ‘आक्षेप नाही’ असे लिहिले की त्या शेताच्या शुद्धतेबद्दल कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा अधिक खात्री बाळगता येते.

हे प्रमाणपत्र गावात मात्र कोणीही पाहत नाही. थेट ग्राहकाला माल विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला, त्याची वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांच्या आत असेल तर, अन्नसुरक्षेच्या नियमांनी प्रमाणपत्राची सक्ती केलेली नाही. आणि आठवडी बाजारातली गिऱ्हाईक बाई तुरीच्या दाण्यांत भोक शोधून ते सापडल्यावर समाधानाने मान हलवते व लगेच त्याच भोकाच्या आधारे भाव पाडून मागते. कागद लागतो तो पुण्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ग्राहकाला, ज्याला शेजारी कोण राहतो हे ठाऊक नसल्याने कोणावर तरी विश्वास ठेवणे भाग असते.

या पद्धतीचा एक परिणाम नियमावलीत कोठेच नमूद नाही. चूक पकडायच्या इराद्याने सलग दोन हंगाम दुसऱ्याच्या रानात हिंडलेला तपासणीस तिसऱ्या हंगामात अंधार पडल्यावर, रस्त्यावर कोणी नाही हे पाहून, पाच लिटरचा रिकामा कॅन घेऊन दशपर्णी मागायला येतो, आणि वर्षभराने स्वतःच गटात नाव घालतो. तेव्हा त्याचे शेत तपासायचे कोणी, हा प्रश्न उभा राहतो, कारण ज्याचे शेत त्याने तपासले तो आता संकेतानुसार बाद असतो आणि शिवाय दोघांचे बोलणेही सुरू झालेले असते. अशा वेळी गटाला दोघांशीही ज्याचे पटत नाही असा तिसरा बांधकरी शोधावा लागतो. तो बहुधा त्याच शिवारात, दोन-तीन शेते सोडून मिळतो.