झिंग्यांचा फतवा

सावली गावच्या बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर परवा एक पोट्टा मोबाइलला विचारत होता, "झिंगे हलाल का जी?" मोबाइल एका दमात म्हणाला, हलाल. सोबतीनं खोडी काढली, "आता हनफी म्हणून विचार." मोबाइल तेवढ्याच गोडीनं म्हणाला, काही उलेमांच्या मते टाळलेले बरे. "अबे, एक काय ते सांग ना!" पोट्टा वैतागला. झिंगे पिशवीत वास मारू लागले होते.

चूक मोबाइलची म्हणावी, तर दोन्ही उत्तरं खरी. हनफी आणि शाफई हे शरियतचे दोन पंथ. हनफींना पाण्यातला मासा तेवढा चालतो, आणि झिंगा मासा आहे की नाही यावर त्यांच्याच उलेमांत वाद. शाफईंना झिंगा बेलाशक चालतो. कोकणी मुसलमान शाफई, आपल्याकडचे बहुतेक हनफी. म्हणजे रत्नागिरीत जो प्रश्नच नाही, तो सावलीत वादाचा. मौलाना आधी विचारतील, "कोणाचा रे तू?" मोबाइलला असल्या चौकशीची गरज वाटत नाही.

हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगताना अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, ही साखळी आधी लागते. त्यातला एक जण जरी विसरभोळा किंवा खोटारडा निघाला, तरी हदीस कच्ची. मोबाइलला विचारा, कुणाकडून ऐकलंस बाप्पा? तो जन्माला न आलेलं पुस्तकही पानासकट सांगेल. २०२३ साली न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खटले कोर्टात दिले आणि ५००० डॉलर दंड भरला. तिथं पकडायला जज होते. पानठेल्यावर कोण आहे?

दुबई सरकारनं २०१९ मध्ये फतवे देणारा यंत्रमुफ्ती आणला, पण सुरुवातीला त्याला नमाजबद्दलचे २०५ प्रश्नच दिले. आपल्या पोट्ट्यांना अशी हद्द नाही. आज झिंगे, उद्या वाटणी, परवा तलाक. आणि तलाकचं प्रकरण झिंग्यांसारखं तव्यावर परतून संपत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा तलाक पाठवलेला नवरा मोबाइलला विचारेल, "झाला का?" मोबाइलनं जुन्या पोथीतून 'झाला' म्हटलं, तरी २०१९ चा कायदा 'इलेक्ट्रॉनिक' असं नाव घेऊन सांगतो की असला तलाक रद्दबातल, वर तीन वर्षांपर्यंत कैद. खऱ्या मुफ्तीचा फतवासुद्धा कोणावर बंधनकारक नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच सांगितलंय. मग खिशातल्या मुफ्तीची काय पत्रास?

इमाम मालिक यांच्याबद्दल सांगतात, दुरून आलेल्या माणसाच्या बहुतेक प्रश्नांना त्यांनी 'ला अद्री' म्हटलं. मला माहीत नाही. एवढा मोठा इमाम! आजही फतव्याच्या शेवटी 'वल्लाहु आलम' येतं, खरं काय ते अल्लालाच ठाऊक. मोबाइलही तसंच काहीसं लिहितो म्हणा, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: चुका होऊ शकतात, तपासून घ्या.

पोट्ट्याच्या मोबाइलची काच नेमकी तिथंच तडकलेली आहे.